पहिल्या दाबात लागला पाहिजे

तुम्ही ज्या गाडीत बसता, तिचा ब्रेक पहिल्या दाबात लागतो का? लगेच उत्तर देऊ नका. आधी ड्रायव्हरच्या पायाकडे पाहा. वळणावर तो पेडल एकदा दाबतो, की शिवणयंत्र चालवल्यासारखा तीन-चार वेळा? आणि ते दिसत असूनही तुम्ही खिडकीतून संत्र्याच्या बागा बघत बसता का? मी बसत होते. म्हणून विचारते.

दौलतमामा, प्रश्न माझा नाही, तुझा आहे. पांढुर्ण्याच्या बस स्टँडमागच्या तुझ्या दुकानात जो गाडीवाला यायचा, त्याला तू बसायला सांगण्याआधी हेच विचारायचास. "पहिल्या दाबात लागते का?" तो हसून म्हणायचा, "दोन पंप मारले का दगडासारखा लागते, भाऊ." मग तू पाना खाली ठेवायचास. "म्हैस आडवी आली त तिले सांगशील का, थांब बाई, माह्ये दोन पंप होऊ दे?"

तुला जाऊन सोळा दिवस झाले. परवा विहारासमोर मांडव घालून तुझी शोकसभा झाली. तुला त्यागी म्हटलं, निष्ठावंत म्हटलं, समाजाचा मूक सेवक म्हटलं. मूक म्हणणाऱ्याने तुला भाऊराव ड्रायव्हरशी बोलताना कधी ऐकलेलं नसावं. तू असतास तर मांडवाच्या खांबाला टेकून मला विचारलं असतंस, "हे कोनाबद्दल बोलून राहिले वं?" सभा संपली. सेक्रेटरीसाहेब मंडळाच्या काळ्या गाडीत बसले. भाऊरावने चौकाच्या वळणावर ब्रेक मारला. मी मोजत होते. चार वेळा.

तुझ्या जन्माचं गाव, शाळा, कोणकोणत्या कमिट्यांवर होतास, ते दुसरं कोणी लिहील. मला त्या चार दाबांबद्दल बोलायचं आहे.

बाहेरच्यांसाठी सांगते. काळी गाडी ही मंडळाची. तिगावपासून सौंसरपर्यंतच्या आपल्या वस्त्यांनी मिळून घेतलेली, आधी तीन जणांनी वापरून सोडलेली. बाळंतीण अडली, कोणाला साप चावला, कोणी बागेत झाडावरून पडला, तर दवाखान्यात न्यायला ती. सगळ्यांची गाडी म्हणून एक दिवसही उभी राहू शकत नाही, आणि सगळ्यांची म्हणून तिच्याकडे कोणी वाकून पाहत नाही. आपल्याकडच्या ड्रायव्हर लोकांत एक रीत आहे. गाडी दुसऱ्याच्या हाती देताना चावीबरोबर सांगतात, "ही दोन पंपाची हाय," "ही तीन पंपाची हाय." जणू म्हशीच्या दुधाचा अंदाज सांगतात. जास्त पंपाची गाडी जो घाटात उतरवतो, तो पक्का ड्रायव्हर. रोगाला आपण कसब करून टाकलं आहे, मामा, आणि हे मी माझ्या एकाही पत्रकात लिहिलं नाही.

मी तुझ्या दुकानात यायचे ती पत्रकं वाचून दाखवायला. आमच्या घरी पुस्तकं चार आणि पत्रकं पोतंभर. भाऊ, म्हणजे माझे वडील, सभेहून आले की पिशवीतून गुलाबी, पिवळी पत्रकं निघायची. कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. 'निषेध' मला 'कमळ'च्या आधी लिहिता आलं. पुढे मीच पत्रकं लिहू लागले आणि पहिला ऐकणारा तू. तू गाडीखाली पडून ऐकायचास. मला फक्त तुझी पावलं दिसायची. पावलं हलायची थांबली की वाटायचं, परिच्छेद जमला. मग खालून आवाज यायचा, "तेरा नंबरचा पाना दे वं."

एकदा एअर काढायला दुसरा माणूस नव्हता. तू म्हणालास, "वाचनं राहू दे. सीटवर बस." त्या दिवशी मला कळलं की ब्रेकच्या पाइपात तेल असतं, त्यात हवा शिरली की पेडल नरम पडतं, कारण हवा दबते आणि तेल दबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने सीटवरून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकामागची छोटी निप्पल सैल करायची, बुडबुडे नळीतून बाटलीत येऊ द्यायचे आणि निप्पल घट्ट करायची. त्यानंतरच वरच्याने पाय सोडायचा. आधी सोडला तर हवा परत आत. सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

"सोड."

माझं लक्ष मांडीवरच्या कागदात होतं. तिसऱ्या खेपेला पाय जरा आधी सुटला. तू गाडीखालून डोकं बाहेर काढलंस.

"सोडला का?"

"नाही."

"सोडला. मले खोटं सांगशील, बाटलीले कसं सांगशील? बुडबुडा वापस गेला ना." तू रागावला नाहीस. पुन्हा पहिल्या चाकाशी जाऊन बसलास. दोन तासांचं काम वाया गेलं होतं आणि तू गुणगुणत होतास. मला तेव्हा तुझा राग आला होता. आज त्याहून जास्त येतो.

काळी गाडी तुझ्याकडे आली तेव्हा संत्र्याची तोड सुरू होती. तू आधी काहीच खोललं नाहीस. मला सीटवर बसवलंस. "एकदा दाब." पेडल अर्ध्याच्या खाली गेलं. "आता लागोपाठ दाब." वर आलं. "आता दाबून धर, आन बोलू नको." मी धरलं. पाय हळूहळू खाली जाऊ लागला आणि फळीला टेकला. बोलू नको म्हणाला होतास म्हणून मी नुसतं तुझ्याकडे पाहिलं. तू मान हलवलीस. मग चारी चाकांच्या आतून बोट फिरवलंस, प्रत्येक वेळी बोट नाकाशी नेलंस. मागचं डावं चाक ओलं होतं. बाकी कोरडी. शेवटी ब्रेकच्या तेलाच्या टाकीचं झाकण काढून दोन बोटांत तेल चोळलंस.

"भाऊराव, काय टाकलं यात?"

"तेल."

"कोनतं तेल?"

भाऊराव टोपी नीट करू लागला. "ब्रेकचं सरलं होतं, भाऊ. इंजिनचं होतं घरी, थोडंसं टाकलं. तेल ते तेलच असते ना?"

तू पेडलजवळचा मास्टर सिलिंडर खोललास, आतलं रबर काढलंस आणि त्याच्या तळहातावर ठेवलंस. फुगून मऊ झालं होतं. "दाब." त्याने अंगठ्याने दाबलं तर ते चिरलं. "यावर नऊ मानसं बसवून घाट उतरून राहिला तू," तू म्हणालास. भाऊरावने रबर कागदावर ठेवलं. तेवढ्यात सेक्रेटरीसाहेब आले. त्यांना चार दिवसांत गाडी हवी होती. तू सांगितलंस, इंजिनचं तेल जिथवर गेलं तिथवरची सगळी रबरं बदलावी लागतील, पाइप धुवावे लागतील, ओल्या चाकाच्या ब्रेकचे घासपट्टे, म्हणजे लायनर, टाकून द्यावे लागतील, तोवर गाडी दगडांवर राहील. एवढं बोलून तू चारी चाकं काढून घेतलीस, दुकानाच्या आत लावलीस आणि कुलूप घातलंस. तुझा स्वभाव मला पाठ होता, तरी हसू आलं.

हसू दोन दिवस टिकलं. कारण सोमवारी आमचा मोर्चा होता, सौंसरच्या तहसील कचेरीवर. बागेतल्या मजूर बायांना संत्र्याच्या पेट्यांवर बसवून ट्रकने नेतात, त्याविरुद्ध. पत्रकाचं नाव मी ठेवलं होतं, 'माणूस माल नाही'. मी तुझ्याकडे आले.

"मामा, गाडी जोडून दे. एकच खेप. सौंसरले जाऊन वापस."

"नाई."

"भाऊराव म्हणते, मी पंप मारून आख्खा घाट उतरलो."

"तो उतरला का गाडी उतरली, हे पाह्यलं कोनी?"

"तू काहून अडून बसला?"

"तुह्या कागदावर काय लिवलं हाय? वरचं मोठं वाच बरं."

मी वाचलं नाही.

"मानूस माल नाई. हाव ना? मंग माल नसलेले किती जन बसवशील या गाडीत?"

"नऊ."

"वा," तू म्हणालास.

मला तेव्हा जे सुचलं ते मी बोलले. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, तरी बोलले. "तुह्यी सारी दुनिया त्या रबराएवढी हाय, मामा. बाहेर लोक मरून राहिले." तू पुसायचं फडकं पुढे केलंस. "हात पूस. शाई लागली."

तो वाद तसाच राहिला. मी आजही पूर्ण हरलेली नाही, हे तुला सांगते. मोर्चा बसने गेला, निम्म्या बाया येऊ शकल्या नाहीत, आणि ते ट्रक आजही तसेच चालतात. एक ब्रेक दुरुस्त झाल्याने ते थांबणार नाहीत. पण तुझं म्हणणं होतं की माझ्या हातातली गाडी मी आधी थांबवावी, आणि तेवढ्यापुरती मी हरले.

आता ते सांगते जे तुझ्यासमोर सांगितलं नाही.

मोर्च्यानंतरच्या मंगळवारी मी नवीन पत्रक छापायला नागपूरला निघाले. तू रबराचं माप माझ्या हस्तलिखिताच्या मागे पेन्सिलीने लिहिलंस. 'मास्टर सात सूत. मागची सहा सूत.' सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हेही समजावलंस. "दुकानदारानं दुसरं काई दाखवलं त घेऊ नको. वापस ये, पन चुकीचं आनू नको." मी प्रेसमध्ये गेले, हस्तलिखित टाइप जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या हाती दिलं आणि दिवसभर तिथेच बसले. दुसऱ्या परिच्छेदातल्या एका वाक्यावरून मी त्याच्याशी तासभर भांडले. परतीच्या बसमध्ये लोधीखेड्याला बायका टोपल्या घेऊन चढल्या तेव्हा मला रबर आठवलं.

तू स्टँडवर आला होतास. गठ्ठा उचलून घेतलास आणि विचारलंस, "भेटलं का?"

मी म्हणाले, "दुकान बंद होतं."

"मंगळवारी?"

"हो."

"बरं."

एवढंच. मी, जिने तेवढ्या दिवसांत सरकारला, बागवाल्यांना आणि तहसीलदाराला खोटारडे म्हटलं होतं, ती मी.

पुढच्या बुधवारी दुपारी मामी डबा घेऊन दुकानात आली तेव्हा तू खाटेवर छाती धरून बसला होतास. नंतर मामीकडून कळलं, महिनाभर दुखत होतं. सोडा पिऊन तू कामाला लागायचास. "सोडा पेला का बरं वाटते," असं तिला सांगायचास. मामा, हे तुझंच वाक्य आहे का? दोन पंप मारले का लागते म्हणणाऱ्याला तू दारातून परत पाठवायचास, आणि स्वतःच्या छातीशी भाऊरावसारखा वागलास. याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही.

इथल्या डॉक्टरांनी सुई दिली आणि मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. काळी गाडी तुझ्याच दुकानासमोर दगडांवर उभी होती. ड्रम काढलेले, मास्टर सिलिंडर कागदावर उघडा. भाऊराव स्टँडवर धावला. एक मेटॅडोर मिळाली, संत्र्याच्या पेट्यांनी भरलेली. पेट्या उतरवायला वेळ नव्हता. आम्ही तुला पेट्यांवर ठेवलं. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं आणि मामीने पाय धरले. पेट्यांतलं गवत तुझ्या सदऱ्याला चिकटत होतं, मी ते काढत होते. सौंसर यायच्या आधीच तू गेलास.

घरी सेक्रेटरीसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "दौलतनं गाडी खोलून ठेवली नसती त दौलत वाचला असता." लोकांनी माना डोलावल्या. सोळा दिवस हे वाक्य गावात फिरतंय. पानठेल्यावर ऐकलं, विहिरीवर ऐकलं, तुझ्या मुलीने, शोभाने, तिगावच्या सासरी ऐकलं. आणि मी गप्प राहिले. म्हणून आता छापून सांगते. गाडी मामाने खोलली. ती उघडी राहिली माझ्यामुळे. मी त्या मंगळवारी रबर आणलं असतं तर पुढच्या बुधवारी ती चार चाकांवर, पहिल्या दाबात लागणाऱ्या ब्रेकसह उभी असती. यापुढे ज्याला कोणाला दोष द्यायचा असेल त्याने माझ्या दाराशी यावं.

तुझ्या राखेला तीन दिवस झाले नाहीत तोच कुलूप तोडून चाकं काढली. भाऊरावने जुनीच फुगलेली रबरं रॉकेलने धुतली, जी गोष्ट तू कोणाला करू देत नव्हतास, कारण रॉकेल उरलंसुरलं रबरही खातं. वरून तेल ओतलं, चाकं चढवली, गाडी चालू. मी सेक्रेटरीसाहेबांकडे गेले. ते टीव्ही पाहत होते.

"लोकायची सोय पाहा लागते, बाई," ते म्हणाले. "तुम्ही लेख लिहा ना. छान लिहिता."

मग लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात मामीने तुझी पेटी मला दिली. पान्यांच्या खाली माझं हस्तलिखित होतं. प्रेसने उरलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यात घालून बसने पाठवलं असणार, आणि आपले गठ्ठे तुझ्याच दुकानात उतरतात. घडी अशी घातली होती की तुझं माप वर राहील. म्हणजे तुला कळलं होतं. माप नागपूरच्या दुकानात पोचलंच नाही, दिवसभर प्रेसमध्येच पडून होतं. तू तो कागद घडी करून पेटीत ठेवलास आणि मला बोलला नाहीस. "सोडला का?" एवढं तरी विचारायचं होतंस, मामा. मी तेव्हा नाही म्हणाले असते, आणि तू म्हणाला असतास, सोडला. तेवढ्याने माझं निभलं असतं. आता मी हे कोणापुढे बोलू?

दुसऱ्याच दिवशी नागपूरच्या बसचा कंडक्टर मला स्टँडवर भेटला. हातात पुडकं. "दौलतभाऊनं सांगून ठेवलं होतं. दोन हप्त्यांनी भेटलं मले." पुडक्यात रबरं होती. सात सूत, सहा सूत. चुकीचं काही नव्हतं. मी तिथेच बाकावर बसून एकेक रबर अंगठ्याने दाबून पाहिलं.

रागाच्या भरात एक गोष्ट राहून जाईल म्हणून सांगते. माझ्या पत्रकांतले जोडशब्द तू तोडायला लावलेस. "लय मोठा शब्द हाय, घाटात चढनार नाई," म्हणायचास. आज जे काही साधं लिहिता येतं ते त्या गाडीखालच्या पावलांना वाचून दाखवल्यामुळे येतं. हे मी कधी म्हणाले नाही.

आता वाचणाऱ्यांशी शेवटचं बोलते.

येत्या मंगळवारी काळी गाडी तिगावला जाणार आहे, शोभाला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायला. दौलतमामाची लेक, आठ महिन्यांची पोटुशी, त्याच रॉकेलने धुतलेल्या रबरांवर. त्याआधी एक रविवार आहे. सौंसरहून वस्ताद येणार आहेत, ज्यांच्या हाताखाली मामा शिकला. त्यांचे गुडघे वाकत नाहीत, पण हात आणि डोळे शाबूत आहेत. खाटेवर बसून सिलिंडरात नवी रबरं ते बसवतील. चाकाखाली मी जाईन. रबरं आहेत, ब्रेकचंच तेल आणलं आहे.

मंडळाच्या गाडीवर ज्यांचा हक्क आहे, त्या प्रत्येक घराला माझी विनंती आहे. रविवारी गाडी मागू नका. सेक्रेटरीसाहेबांना आज जाऊन तसं सांगा, दहा जणांनी सांगा, म्हणजे ती बस स्टँडमागच्या दुकानासमोर उभी राहील. आणि तुमच्यापैकी एकाने सकाळी आठला तिथे यावं. काही येत नसलं तरी चालेल. सीटवर बसायचं. मी "दाब" म्हटलं की दाबायचं, "धर" म्हटलं की धरायचं, आणि खालून "सोड" ऐकू येईपर्यंत पाय हलवायचा नाही. कंटाळा आला तरी नाही.